शकुंतलाबाईंच्या गाडीचे पाटे

शकुंतलाबाई गुल्हाने लग्न होऊन वडनेरला आल्या, तेव्हा नागपूर–हैदराबाद रस्ता समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांनी अंग चोरून जावं एवढाच होता. पुढं तो रुंद झाला, चौपदरी झाला, गावाशेजारून उड्डाणपूल गेला. गुल्हान्यांचं किराणा दुकान मात्र रस्त्याकडे तोंड करून तिथंच राहिलं. गल्ल्यावर बसल्या बसल्या बाईंनी सगळ्या देशाच्या गाड्या पाहिल्या. पंजाबचे ट्रेलर, तमिळ अक्षरं लिहिलेले नारळाचे ट्रक, दसऱ्याच्या सुमारास सफरचंदांचे. नंबरपाटीवरची पहिली दोन अक्षरं वाचून गाडी कुठली ते त्या सांगायच्या. स्वतः मात्र फारशा कुठं गेल्या नव्हत्या. माहेर पुलगावचं, दर्शनाला शेगाव, आणि लेक धीरज नोकरीला लागल्यावर पुणं. पुण्याचा प्रवासही अंधारातल्या बसचा, त्यामुळे खिडकीतून काही दिसलं नाही ते नाहीच.

गाडी चालवायला त्या पन्नाशी ओलांडल्यावर शिकल्या. दुकानाच्या मालासाठी त्यांच्याकडे एक पांढरी पिकअप होती. ती बापूराव, म्हणजे त्यांचे यजमान, चालवत. त्यांना काचबिंदू झाला आणि डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. मग ड्रायव्हर ठेवला. तो मनात आलं तर यायचा, नाही तर फोन बंद करून बसायचा. एकदा भर सणात तेलाचे डबे हिंगणघाटला अडकून पडले, तेव्हा शकुंतलाबाई म्हणाल्या, "तुमी शेजारी बसा अन् मलेच शिकवा."

"लोक हासतीन," बापूराव म्हणाले.

"हासू द्या. तेल तं येईन दुकानात."

शिकवणाऱ्याला नीट दिसत नव्हतं आणि शिकणारीला काही येत नव्हतं. बापूराव विचारायचे, "म्होरं काय हाये?" बाई सांगायच्या, "बैलबंडी हाये." ते म्हणायचे, "मंग क्लच दाब, ब्रेक दाब, हॉर्न नको वाजवू, बैल बिचकतीन." असं करत करत बाई पक्क्या तयार झाल्या. हिंगणघाटच्या मार्केटात साखरेची पोती भरून उलट्या गिअरात गल्लीबाहेर येणारी ही बाई कोण, म्हणून सुरुवातीला लोक थांबून बघायचे. पुढं पुढं कोणी बघेना.

बलदेव नेगींची आणि त्यांची ओळख लॉकडाऊनमध्ये झाली. नेगी हिमाचलातले, कोटखाईकडचे. स्वतःची सफरचंदांची बाग आणि स्वतःचाच ट्रक. हैदराबादला माल उतरवून परत निघाले आणि वडनेरला आल्यावर सगळंच बंद झालं. ढाबे बंद, पुढच्या राज्याची हद्द बंद. गुल्हान्यांच्या दुकानामागं एक रिकामं टिनाचं शेड होतं. बापूरावांनी ते उघडून दिलं. दोन्ही वेळचं जेवण बाईंच्या घरून जायचं. नेगींना आपली झुणका-भाकर तिखट लागायची, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी ताट लख्ख करून परत द्यायचे. रस्ते मोकळे झाले तेव्हा जाताना त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "बहनजी, एक बार हमारे यहाँ आना है. बाग देखनी है."

तेव्हापासून दरवर्षी हंगामात नेगींचा ट्रक दुकानासमोर थांबायचा आणि सफरचंदांची एक पेटी उतरायची. एका वर्षी ट्रक आला, पण नेगींचा पुतण्या घेऊन आला. नेगींच्या गुडघ्यांनी लांबची गाडी सोडायला लावली होती. पुतण्यानं फोन लावून दिला. नेगी म्हणाले, "मैं तो अब नहीं आ पाऊँगा. अब आपकी बारी है."

फोन ठेवल्यावर बाईंनी रस्त्याकडे पाहिलं. मग बापूरावांना म्हणाल्या, "मी जाईन म्हन्ते."

"रेल्वेनं?"

"आपल्या गाडीनं. रस्ता दारातून जाते. इतके वर्ष त्यावरून दुसऱ्यायच्याच गाड्या जाऊन राह्यल्या."

बापूरावांना बसमध्ये बसलं की पुलगाव यायच्या आत मळमळायचं. ते म्हणाले, "मी दुकान पाह्यतो. तू जाऊन ये. पन एकटी नको जाजो."

एकटीनं जायचा त्यांचा विचारही नव्हता. तानाबाई थूल ही त्यांची मैत्रीण. सरकारी दवाखान्यात आरोग्यसेविका होत्या. धीरजला पहिली लस त्यांनीच टोचली, आणि त्या दिवशी त्याच्या रडण्यावर दोघींची जी बोलाचाली सुरू झाली ती आजवर थांबलेली नाही. तानाबाई निवृत्त झाल्या होत्या. मालक वारले होते आणि मुलगी नागपूरला नांदत होती. प्रवासाचं ऐकल्याबरोबर त्या म्हणाल्या, "बरफ दिसते का तिथिसा?"

"दिसत असन लांबून."

"लांबून चालते. पन माही कंबर पाह्यजो बा. मनक्याची चकती सरकेल हाये. लय दणके बसले तर मी लाकडासारखी होतो."

"गाडी मजबूत करून घेऊ," शकुंतलाबाई म्हणाल्या. चूक इथंच झाली, कारण मजबूत म्हणजे काय हे त्यांनी कोणाला विचारलं नाही.

हिंगणघाटला कैलासचं गॅरेज आहे. पाट्यांच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही असं ट्रकवाले सांगतात. पाटे म्हणजे मागच्या चाकांवर एकाखाली एक बांधलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर बसतं. कैलासनं ऐकलं की काकू हिमाचलात चालल्या आहेत, आणि त्याचे डोळेच मोठे झाले.

"घाटाचा रस्ता हाये काकू. तिकडं पाटा मोडला तं कोन येईन? एक पाटा वाढवून देतो. गाडी चार बोटं उंच करतो, म्हंजे खालून दगड लागनार नाई. शॉकअपही कडक टाकतो."

बापूरावांनाही ते पटलं. वेल्डिंगवाल्यानं डाल्यावर, म्हणजे माल भरायच्या मागच्या भागावर, ताडपत्रीचं छप्पर करून दिलं, आत दोन फळ्यांचे पलंग बसवले. गाडी दुकानासमोर येऊन उभी राहिली तेव्हा बघायला गाव जमलं. चाकांवर मान ताठ करून उभी असल्यासारखी ती दिसत होती. चढायला मात्र बाईंना लाकडी पाट ठेवावा लागला, आणि तानाबाईंना पाटावर उभं करून मागून आधार द्यावा लागला. "शोभते पन," तानाबाई धापा टाकत म्हणाल्या.

लांब जाण्याआधी गाडी एकदा चालवून बघावी म्हणून दोघी मे महिन्यात रोहण्याला निघाल्या. आर्वी तालुक्यातल्या रोहण्यात तानाबाईंची धाकटी बहीण धुरपता राहते. पुलगावपर्यंत गप्पा चालल्या होत्या. पुढं रस्त्याचं काम निघालेलं होतं. कुठं गिट्टी, कुठं उकरलेली माती. गाडी त्यावर आली आणि उड्या मारू लागली. प्रत्येक खड्ड्याला मागून कोणी लाथ घालावी तसा दणका बसायचा. बाई जमेल तेवढी हळू चालवत होत्या. काही वेळानं त्यांच्या लक्षात आलं की शेजारून आवाज येणंच बंद झालंय. तानाबाई दोन्ही हातांनी खिडकीची कड धरून, ओठ मिटून बसल्या होत्या.

"ताना, थांबवू का?"

"थांबून काय होते? चाल."

धुरपताच्या दारात गाडी थांबली, पण तानाबाईंना खाली उतरता येईना. पाय हलवला की कळ यायची. शेवटी धुरपता, तिचा नवरा आणि शेजारचा एक माणूस, अशा तिघांनी त्यांना उचलून खाटेवर निजवलं. आर्वीच्या डॉक्टरांनी औषधं दिली, पडून राहायला सांगितलं, आणि मणक्याला नवीन काही झालेलं नाही, स्नायू धरलेत, असं सांगून धीर दिला.

दुसऱ्या दिवशी शकुंतलाबाई खाटेजवळ बसल्या होत्या. तानाबाई छताकडे पाहत म्हणाल्या, "तू दुसरी सोबत पाह्य. माह्या भरवशावर राहू नको. मी राग नाई धरनार."

"मंग मलेच नाई जा लागत."

"तसं नको करू. त्या माणसानं इतक्या मायेनं बलावलं."

बाई उठल्या. एकट्याच गाडी घेऊन निघाल्या. वाटेत त्यांना रडू आलं, आणि ते पुसायला एक हात स्टिअरिंगवरून काढला की गाडी पुन्हा दणका द्यायची, त्याचाही राग आला.

घरी जाण्याआधी हिंगणघाटला थांबणं भाग होतं. दुकानातली साखर संपली होती. फळ्यांचे पलंग एका बाजूला उभे करून हमालांनी पोती भरली, आणि बाई वडनेरच्या वाटेला लागल्या. हायवेवरून उतरून गावाच्या रस्त्याला लागताना एक खोल चर आहे. बाईंनी सवयीनं दात आवळले. चाक चरात गेलं, गाडी हळूच खाली बसली आणि हळूच वर आली. बाईंनी गाडी थांबवली. मागं घेतली. पुन्हा चरातून नेली. गाडी पुन्हा तशीच, पाळणा हलावा तशी गेली.

दुकानापाशी उतरल्याबरोबर त्यांनी बापूरावांना सांगितलं, "साखर असली की गाडी गुमान चालते. रिकामी असली की लाथा घालते."

"ते तं पहिल्यापासूनच हाये," बापूराव म्हणाले. "मालाची गाडी हाये ते."

"पन आपन माल कुठी नेऊन राह्यलो?"

त्यांनी धीरजला फोन लावला. धीरज पुण्याजवळ गाड्यांचे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आई, तुमच्या दोघीचं अन् सामानाचं मिळून वजन किती होईन?"

"मले काय मालूम?"

"कोनालेच मालूम नाई, तीच भानगड हाये. पाटे वाकासाठी असतात. तुही गाडी पोत्यासाठी बनवेल हाये. तेवढं ओझं नसलं की पाटे वाकतच नाईत, अन् खड्डा थेट मानसाच्या मनक्यात जाते. आपन त्यात अजून एक पाटा घातला. पह्यले सामान भर, दोघीच्या वजनाचंही काही ठेव, अन् गाडी काट्यावर चढव. आधी पुरी, मंग फक्त मागचे चाकं."

हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये मोठा वजनकाटा आहे. कापसाचा हंगाम संपलेला, आवार रिकामं. काट्यावरचे पुंडलिकराव बापूरावांच्या ओळखीचे निघाले. बाईंनी प्रवासाचं सगळं सामान भरून नेलं होतं: पलंग, गाद्या, पाण्याचे कॅन, शेगडी, कणकेचा डबा, आणि तानाबाईंच्या जागेवर तांदळाचं एक पोतं. पुंडलिकरावांनी ते पोतं पाहून विचारलं, "हे कोन?"

"माही मैत्रीन हाये," बाई म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी हसल्या.

काट्यानं सांगितलं ते साधं होतं. साखरेच्या एका खेपेच्या पाव हिश्श्याएवढंही ओझं त्यांच्या प्रवासात नव्हतं.

तिथून त्या सरळ कैलासकडे गेल्या. धीरज फोनच्या स्पीकरवर होता. तो म्हणाला, वाढवलेला पाटा काढायचा, त्याच्यासोबत अजून एक काढायचा, आणि उंची पहिल्यासारखी करायची. कैलासनं हातातला पाना खाली ठेवला.

"धीरजभाऊ, तुमचं खरं असन. पन मागच्या साली माह्या एका गिऱ्हाइकाचा पाटा घाटात मोडला. तो वाचला, पन मले आठवलं की अजून घाम येते. काकूले मी कमजोर गाडी देऊन धाडू?"

शकुंतलाबाईंनी फोन बाकड्यावर ठेवला. "कैलास, तुही काळजी खोटी नाई. पन मजबूत गाडीत बसून ताना खाटेले लागली. मले अशी गाडी पाह्यजे की तिची कंबर शाबूत राहीन अन् तुलेही झोप येईन. दोघं मिळून सांगा."

मग दोघांचं बोलणं सुरू झालं, आणि बाई स्टुलावर बसून ऐकत राहिल्या. धीरज म्हणाला, सगळ्यात जाड पाटा थोडा सुटा ठेवू, म्हणजे एरवी तो नुसता राहील आणि ओझं वाढलं तरच कामाला लागेल. कैलासला ते आवडलं. ओझं वाढलं तरी तो जाड पाटा सांभाळून घेईल, म्हणून त्याची मोडण्याची भीती गेली. मग तो स्वतःच पुढं सरकला. बाकीचे पाटे जुने, गंजून एकमेकांना धरलेले आहेत, ते बदलून नवीन लवचीक घालू आणि मधे ग्रीस भरू. टोकांची रबरी बुशं नवीन टाकू. गाडी खूपच खाली बसली तर लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून मधे जाड रबर लावू. शॉकअपवर थोडी घासाघीस झाली. कैलासला कडकच हवे होते. धीरज म्हणाला, पाटे मऊ केल्यावर शॉकअप उडी आवरण्यापुरते हवेत, त्यांनी गाडी धरून ठेवायची नाही. कैलासनं दोन कंपन्यांचे शॉकअप समोर ठेवले आणि बाईंना म्हणाला, "दोन्ही लावून दाखवतो. तुमीच चालवा अन् तुमीच सांगा."

बाईंनी चालवून पाहिले. पहिल्यांनी गाडी वळणावर होडीसारखी कलली. दुसऱ्यांनी चरातून एकदा खाली, एकदा वर, आणि गप्प झाली. "हेच," त्या म्हणाल्या. कैलास शेजारी बसला होता. त्यानं मान डोलावली. "मागच्या चाकातली हवाही जराशी कमी ठेवजा काकू, पोती नसली की. पन लय कमी नाई."

पंधरवडा उलटल्यावर गाडी घेऊन त्या रोहण्याला गेल्या. तानाबाई आता अंगणात फिरत होत्या, पण गाडीचं नाव काढताच त्यांनी हात झटकला.

"मी एसटीनं येतो."

"एसटी कोनती गादीची हाये? पुलगावपर्यंत बस. दुखलं तं तिथून एसटी धर. मी अडवनार नाई."

तानाबाई गाडीजवळ आल्या. त्यांनी इकडं तिकडं पाट शोधला. पाटाची गरज नव्हती. पाय टाकला आणि त्या वर जाऊन बसल्या. जरा चकित झाल्यासारख्या दिसल्या.

गिट्टीचा रस्ता आला. शकुंतलाबाईंनी गिअर उतरवला. पहिला खड्डा गेला, दुसरा गेला. तानाबाई धुरपताच्या सुनेबद्दल सांगायला लागल्या. सून भाजीत गूळ घालते, कोणत्याही भाजीत, वांग्यातसुद्धा. मग गुळावरून धुरपताच्या साखरेच्या तपासणीवर, तपासणीवरून दवाखान्यातल्या नव्या नर्सवर. उकरलेल्या मातीच्या टेकाडांवरून गाडी डुलत चालली होती आणि बोलणं कुठंही तुटत नव्हतं. शकुंतलाबाई समोर पाहून चालवत होत्या, पण त्यांचे कान शेजारी होते. रस्ता संपून डांबर लागलं तेव्हा तानाबाई थांबल्या, मागं वळून पाहिलं.

"अवं, तो खराब रस्ता गेला काय?"

"गेला."

तानाबाईंनी कंबरेवर हात ठेवून चाचपून पाहिलं. मग म्हणाल्या, "तिकडं स्वेटर किती लागतीन व?"

सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस ओसरल्यावर, दोघी निघाल्या. जाताना बाईंनी कणकेचा डबा आणि निम्मी भांडी घरीच ठेवली. "रस्त्यानं दुकानं हायेत," त्या म्हणाल्या, "माह्यासारखेच लोक बसेल असतीन तिथं." सिवनीच्या जंगलात वानरांनी केळी पळवली. सागरजवळ एका पेट्रोलपंपाच्या आवारात गाडी लावून झोपल्या, तेव्हा पंपमालकाच्या आईनं सकाळी पोहे आणून दिले. ग्वाल्हेरला तानाबाईंना किल्ला पाहायचा होता, म्हणून पूर्ण एक दिवस तिथं गेला. कोणाला घाई नव्हती. रोज सकाळी बाई खाली वाकून पाट्यांवर एकदा बॅटरीचा उजेड टाकत आणि कैलासला फोटो पाठवत. तो लगेच उलट लिहायचा, "ठीक आहे काकू, चाला."

कोटखाईच्या पुढं नेगींच्या गावाचा शेवटचा टप्पा कच्चा होता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, आणि पावसानं वाहून गेलेला उतार. मधेच समोरून सफरचंदांनी भरलेला ट्रक आला. मागं जागा बाईंच्याच बाजूला होती. तानाबाई खाली उतरल्या, काठावर उभ्या राहून हात हलवू लागल्या. "ये, ये, ये… थांब. चाकाखाली दगड हाये." हिंगणघाटच्या गल्लीतून पोती भरून उलटं निघणाऱ्या हातांनी गाडी मागं घेतली. मागचं एक चाक दगडावर चढलं, गाडी त्या कुशीवर दबली, पण बाकीची तीन चाकं जमीन धरून राहिली. ट्रकवाला शेजारून जाताना थांबला, पाटी वाचली आणि म्हणाला, "महाराष्ट्र से? आप लोग?" मग त्यानं खिडकीतून चार सफरचंदं तानाबाईंच्या हातात दिली.

नेगी काठी टेकत फाटकाशी उभे होते. त्यांची बायको, मुलं, शेजारी, सगळेच बाहेर आले. नेगींनी गाडीच्या टपावर हात ठेवला, जणू इतक्या लांबून आलेल्या जनावराची पाठ थोपटावी. शकुंतलाबाई उतरल्या आणि म्हणाल्या, "भाईसाब, आ गये हम." यापुढचं हिंदी त्यांना त्या वेळी सुचलंच नाही.

दोघी तिथं चांगल्या रमल्या. सकाळी घरासमोरून लांबवर बर्फाची रेघ दिसायची, आणि तानाबाई चहाचा पेला घेऊन ती रोज बघायच्या. तानाबाई आरोग्यसेविका होत्या हे गावातल्या बायकांना कळलं, तेव्हा अंगणात रक्तदाब मोजून घ्यायला रांग लागली. रक्तदाबाचं मशीन त्यांच्या पिशवीत असतंच. शकुंतलाबाईंनी सफरचंदं तोडायला शिकून घेतलं. देठ मोडायचा नाही, फळ तळव्यात धरून वर फिरवायचं. नेगींच्या बायकोला त्यांनी झुणका करून खाऊ घातला, मिरची निम्मी टाकून. निघताना डाल्यात पेट्या रचल्या गेल्या, नको नको म्हणेपर्यंत. गाडी खाली बसली, सुटा ठेवलेला जाड पाटा कामाला लागला, आणि तानाबाईंना परतीच्या वाटेवर तर झोपच लागली.

वडनेरला पोचल्यावर सफरचंदं दुकानात विकायला ठेवली नाहीत. घरोघर गेली. रोहण्याला गेली, पुंडलिकरावांकडे गेली. कैलास स्वतःच आला होता. चहा नको म्हणाला, आधी गाडीखाली शिरला. बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत होते. बाहेर आला तेव्हा कपाळाला ग्रीस लागलेलं.

"एक बुश घासली हाये काकू. बाकी पाट्यायले काईच नाई झालं."

"आता चहा घेतो का?"

"आता घेतो."

यंदा जानेवारीत दोघी याच रस्त्यानं दक्षिणेकडे गेल्या. परवा दुकानात माझा किराणा बांधून देताना बापूरावांनी मला मोबाइलवर एक फोटो दाखवला, अगदी डोळ्यांजवळ धरून, आपल्याला नीट दिसतो की नाही हे न सांगता. मदुराईजवळ कुठंतरी रस्त्याकडेला पांढरी पिकअप उभी आहे, डाल्याचं फाळकं खाली पाडलंय, आणि त्यावर पाय सोडून दोघी केळीच्या पानावर इडली खात आहेत. तानाबाईंच्या हातात गाडीची किल्ली आहे.

"ताना शिकून राह्यली म्हन्ते," बापूराव म्हणाले. "शकुंतला शेजारी बसून सांगते तिले."